जॉर्ज नॉरिस: कायद्यांआधी कामकाजाचे नियम बदलायला निघालेला खासदार

एखादं विधेयक चांगलं असेल, लोकांना हवं असेल, सभागृहातल्या बहुसंख्य सदस्यांचा त्याला पाठिंबाही असेल, तरी ते मंजूर होईलच असं नाही. त्यावर मतदान तर व्हायला हवं! मतदान कधी घ्यायचं, बोलायची संधी कुणाला द्यायची, विधेयक कोणत्या समितीकडे जाणार आणि त्या समितीत कोण बसणार, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. आपण बातम्यांमध्ये ‘इतक्या विरुद्ध इतक्या मतांनी मंजूर’ एवढंच वाचतो. खरा निकाल बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या संसदेत हे ठरवण्याची ताकद जवळजवळ एकाच माणसाच्या हातात होती. ती काढून घेणारा ठराव मांडला जॉर्ज विल्यम नॉरिस या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावच्या खासदाराने, आणि तोही त्याच माणसाच्या पक्षात राहून. नॉरिस ४० वर्षं संसदेत होते. त्या काळात त्यांनी युद्धाला विरोध केला, राज्यघटनेत दुरुस्ती घडवली, एका अख्ख्या नदीखोऱ्याचं रूप पालटणारा कायदा करून घेतला आणि आपल्या राज्याचं एक विधिमंडळ सभागृह बंद करायला लावलं. या कामांची यादी वाचली तर ती विखुरलेली वाटते. मला मात्र त्यांत एकच धागा दिसतो: निर्णय बंद दाराआड होत असेल, तर आधी ते दार उघडायचं.

पुढचं समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते आणि राज्याच्या लोकसंख्येनुसार त्यातल्या जागा ठरतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते. नॉरिस १९०३ ते १९१३ प्रतिनिधीगृहात होते आणि त्यानंतर १९४३ पर्यंत सिनेटमध्ये.

त्यांचा जन्म १८६१चा, ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. बारा भावंडांतलं हे अकरावं अपत्य. ते तीन वर्षांचे असताना वडील गेले आणि त्याच वर्षी यादवी युद्धात मोठा भाऊही गेला. आईने शेती सांभाळून मुलं वाढवली. नॉरिस यांनी शाळेत शिकवून पैसे जमवले, १८८३ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि १८८५ मध्ये पश्चिमेकडे नेब्रास्कात नशीब काढायला गेले. आधी सरकारी वकील, मग सात वर्षं जिल्हा न्यायाधीश. तो काळ त्या भागात दुष्काळाचा आणि मंदीचा होता, आणि मॅककुक हे त्यांचं गाव सगळं शेतीवर जगणारं. १९०२ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आले, तेही पक्षाचे अगदी निष्ठावान कार्यकर्ते म्हणून.

‘अंकल जो’ आणि त्यांची सत्ता

वॉशिंग्टनला पोहोचल्यावर नॉरिस यांना कळलं की नव्या सदस्याला तिथे फारसं काही करता येत नाही. स्पीकर होते इलिनॉयचे जोसेफ कॅनन. सगळे त्यांना ‘अंकल जो’ म्हणत. लोकसभेचे अध्यक्ष पक्षीय वादापासून अंतर राखतात अशी निदान आपली अपेक्षा असते. अमेरिकेत तसं नाही. तिथे स्पीकर हा बहुमतातल्या पक्षाचा उघड नेताच असतो.

कॅनन यांच्याकडे तीन किल्ल्या होत्या. पहिली, सगळ्या समित्यांचे सदस्य आणि प्रमुख तेच नेमत. शेतकऱ्यांच्या भागातून आलेल्या सदस्याला कृषी समिती हवी असेल, तर त्याने आधी कॅनन यांची मर्जी राखायला हवी. दुसरी, सभागृहात उभं राहून कुणी बोलायचं हे तेच ठरवत. हात वर करून, उभं राहून, घसा कोरडा होईपर्यंत पुकारा केला, तरी स्पीकरने ‘बोला’ म्हटलं नाही तर सदस्य सभागृहात असून नसल्यासारखा. तिसरी किल्ली सगळ्यात जड. कोणतं विधेयक केव्हा आणि कोणत्या अटींवर चर्चेला घ्यायचं हे ठरवणारी ‘नियम समिती’ फक्त पाच जणांची होती. त्यांतले तीन बहुमतातल्या पक्षाचे, आणि त्या तिघांतले एक स्वतः कॅनन. उरलेले दोघेही त्यांनीच नेमलेले. म्हणजे तीन माणसं एका खोलीत बसली की ३९१ सदस्यांचं कामकाज ठरलं. त्या काळी एक किस्सा सांगितला जाई: एका मतदाराने आपल्या खासदाराकडे सभागृहाच्या नियमांची प्रत मागितली, तेव्हा खासदाराने त्याला कॅनन यांचा फोटो पाठवून दिला.

नॉरिस आणि त्यांच्यासारखे मध्य-पश्चिमेतले काही रिपब्लिकन यावर नाराज होते. त्यांना ‘बंडखोर’ म्हटलं जाऊ लागलं. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या सरकारने त्यांची कोंडी सुरू केली. तोवर मतदारसंघातले पोस्टमास्तर खासदाराच्या शिफारशीने नेमले जात. बंडखोरांच्या शिफारशी मानणं बंद झालं. गावोगावी पोस्टमास्तर हा पक्षाचा आधार असे, त्यामुळे हा घाव वर्मी लागणारा होता.

तरी अडचण कायम होती. नियम बदलायचे तर ठराव मांडायला हवा. ठराव मांडला की तो नियम समितीकडे जाणार, आणि नियम समिती म्हणजे पुन्हा कॅनन. नॉरिस यांनी ठराव लिहून कोटाच्या खिशात ठेवला होता आणि ते वाट पाहत होते. खिशात राहून राहून तो कागद पार चुरगळून गेला.

ती संधी त्यांना स्वतः कॅनन यांच्याच गटाने दिली. १९१० हे जनगणनेचं वर्ष. मार्चच्या मध्यावर जनगणनेच्या कायद्यातली एक दुरुस्ती इतर सगळं कामकाज बाजूला सारून आधी घ्यावी, असा आग्रह इंडियानाच्या क्रम्पॅकर यांनी धरला. त्यांचं म्हणणं असं की जनगणना राज्यघटनेनेच सांगितलेली आहे, म्हणून ती ‘विशेषाधिकाराची’ बाब ठरते आणि तिला नेहमीचे नियम लागू होत नाहीत. कॅनन यांनी ते मान्य केलं आणि अखेर १७ मार्चला सभागृहानेही ते स्वीकारलं.

त्याच क्षणी नॉरिस उठले. राज्यघटनेने विशेषाधिकार दिलेला एक ठराव मला मांडायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. कॅनन यांना वाटलं, हाही जनगणनेसारखाच काहीतरी असेल. त्यांनी मांडायला सांगितलं. तेव्हा नॉरिस यांनी खिशातला तो कागद काढला. त्यांचा मुद्दा सरळ होता. राज्यघटनेच्या पहिल्या कलमात असंही लिहिलंय की प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम ठरवेल. जनगणना घटनेत आहे म्हणून ती आधी घ्यायची, तर नियमांचा ठरावही घटनेत आहे म्हणून तोही आधी घ्यायला हवा. आणि ठरावाचा आशय काय? नियम समिती मोठी करायची, तिचे सदस्य निवडून आणायचे आणि स्पीकरला तिच्यातून वगळायचं.

मला हा प्रसंग संसदीय इतिहासातला फार मोलाचा वाटतो. आरडाओरडा नाही, सभात्याग नाही. प्रतिस्पर्ध्याने नुकताच मान्य केलेला तर्क शब्दाला शब्द लावून त्याच्याचसमोर ठेवला, आणि तो नाकारायला जागाच उरली नाही.

त्या दिवशी सेंट पॅट्रिक डे, म्हणजे आयरिश लोकांचा सण होता. कॅनन यांच्या बाजूचे बरेच सदस्य सभागृहात नव्हते. कॅनन यांनी ठराव नियमबाह्य आहे की नाही यावर निर्णयच दिला नाही. चर्चा चालू ठेवली आणि आपली माणसं गोळा करायला वेळ काढला. सभागृह रात्रभर चाललं, दुसऱ्या दिवशीही चाललं. सदस्य बाकांवर, सोफ्यांवर डुलक्या काढत होते. गैरहजर सदस्यांना शोधून आणायला कर्मचारी शहरभर फिरत होते. मधल्या काळात तडजोडीचे प्रयत्न झाले, ते फिसकटले. १९ मार्चला कॅनन यांनी अखेर ठराव नियमबाह्य ठरवला. नॉरिस यांनी त्या निर्णयाविरुद्ध सभागृहाकडे दाद मागितली आणि १८२ सदस्यांनी स्पीकरचा निर्णय फिरवला. मग डेमोक्रॅटिक पक्षाशी बोलून थोडा बदललेला ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. चाळीसहून जास्त रिपब्लिकन सदस्यांनी आपल्याच स्पीकरविरुद्ध मत दिलं. नवी नियम समिती दहा जणांची झाली. तिचे सदस्य सभागृहाने निवडायचे ठरले आणि स्पीकर तिच्यात नसेल हेही.

पराभव झाल्यावर कॅनन यांनी स्वतःच आव्हान दिलं: माझ्यावर विश्वास नसेल तर स्पीकरपद रिक्त झाल्याचा ठराव आणा. टेक्सासच्या बर्लसन यांनी तो आणला. नॉरिस यांनी त्या ठरावाच्या विरोधात, म्हणजे कॅनन यांना पदावर ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. त्यांना माणूस घालवायचा नव्हता, त्याच्या हातातला अधिकार कमी करायचा होता. ठराव फेटाळला गेला. अशा प्रकारच्या ठरावाने स्पीकरचं पद प्रत्यक्षात गेलं ते थेट ११३ वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, केव्हिन मॅकार्थी यांचं.

१९११ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष बहुमतात आला आणि त्याने समित्या नेमण्याचा अधिकारही स्पीकरकडून काढला. तीन किल्ल्यांपैकी दोन गेल्या.

सहा जणांपैकी एक

सिनेटमध्ये गेल्यावर नॉरिस यांच्यावर सगळ्यात कठीण वेळ आली ती १९१७ मध्ये. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिका अजून बाहेर होती. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मागितला. नॉरिस यांना वाटत होतं की यातून देश युद्धात ओढला जाईल. सिनेटमध्ये सदस्य कितीही वेळ बोलू शकत असे आणि त्याला थांबवण्याचा नियमच नव्हता. या डावाला फिलिबस्टर म्हणतात. ४ मार्चला दुपारी १२ वाजता त्या संसदेची मुदत संपत होती. नॉरिस, विस्कॉन्सिनचे ला फॉलेट आणि आणखी काही जणांनी तोवर मतदानच होऊ दिलं नाही. विल्सन यांनी या मूठभर हट्टी माणसांनी महान देशाचं सरकार हतबल करून टाकलं, अशी जळजळीत टीका केली. चारच दिवसांत सिनेटने दोन-तृतीयांश मतांनी चर्चा थांबवण्याचा नियम पहिल्यांदा केला.

वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. नेब्रास्कात त्यांच्याविरुद्ध संतापाची लाट होती. नॉरिस यांनी काय करावं? त्यांनी गव्हर्नरला कळवलं की लोकांना हवं असेल तर खास निवडणूक घ्या, हरलो तर राजीनामा देतो. मग लिंकन या राजधानीत स्वतःच्या पैशाने सभागृह भाड्याने घेतलं. तिथे जाऊ नका, असं मित्र सांगत होते. २६ मार्चला सभागृह खचाखच भरलं. नॉरिस उभे राहिले आणि खरं काय ते सांगायला मी घरी आलोय, अशी त्यांनी सुरुवात केली. बोलणं संपेपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते. खास निवडणूक झाली नाही.

४ एप्रिलला युद्धघोषणेवर सिनेटमध्ये मतदान झालं: ८२ विरुद्ध ६. त्या सहांमध्ये नॉरिस होते. अमेरिकेच्या झेंड्यावर आपण डॉलरचं चिन्ह लावायला निघालोय, असं ते त्या भाषणात म्हणाले. त्यांची ही भूमिका बरोबर होती की नाही यावर इतिहासकारांत आजही दुमत आहे. पण आपल्या मताची किंमत मोजायला ते मतदारांसमोर स्वतःहून गेले, त्याला तोड नाही. १९१८ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

तेरा महिन्यांचं अंतर

फिलिबस्टर यशस्वी झाला तो कॅलेंडरमुळे. आणि तेच कॅलेंडर पुढे नॉरिस यांनी बदलायला घेतलं.

जुनी पद्धत अशी होती. निवडणूक नोव्हेंबरात. निवडून आलेल्यांची मुदत सुरू होई पुढच्या ४ मार्चला. पण संसदेचं नियमित अधिवेशन राज्यघटनेनुसार डिसेंबरात भरे. म्हणजे नोव्हेंबर १९२२ मध्ये निवडून आलेला प्रतिनिधी नियमित कामाला लागणार डिसेंबर १९२३ मध्ये, तब्बल १३ महिन्यांनी. आणि मधल्या डिसेंबर ते मार्च या अधिवेशनात कायदे कोण करणार? जुनेच सदस्य. त्यांतले काही नुकतेच निवडणूक हरलेले. अशा सदस्यांना तिथे ‘लेम डक’ म्हणतात. ज्यांना मतदारांनी घरी पाठवलं, त्यांना मतदारांची भीती उरत नाही, आणि सरकारी नेमणुकीची आशा मात्र असते. त्यांची मतं सरकारला सहज वळवता येत. अठराव्या शतकात घोड्यावरून राजधानीला यायला आठवडे लागत, तेव्हा या अंतराला कारण होतं. रेल्वे आणि तारेच्या काळात ते उरलं नव्हतं.

१९२२ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना मोठा फटका बसला, तरी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी जहाज कंपन्यांना अनुदान देणारं विधेयक त्याच जुन्या संसदेतून पुढे रेटलं. नॉरिस यांच्या दुरुस्तीला तिथून चालना मिळाली. फेब्रुवारी १९२३ मध्ये सिनेटने ती ६३ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केली. प्रतिनिधीगृहात ती मतदानालाच आली नाही. दशकभर हेच चाललं: सिनेट मंजूर करायची, प्रतिनिधीगृहातले नेते अडवायचे. १९२८ मध्ये तिथे मतदान झालं, पण दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. नेत्यांचा विरोध का होता? ४ मार्चची मुदत डोक्यावर असली की घाईगडबडीत त्यांना हवं तेच पुढे नेता येई आणि नको ते वेळेअभावी मरून जाई. नॉरिस दर संसदेत तोच ठराव पुन्हा मांडत राहिले. १९३१ अखेर प्रतिनिधीगृहाचं बहुमत बदललं आणि मार्च १९३२ मध्ये दुरुस्ती संसदेतून पार पडली. २३ जानेवारी १९३३ ला पुरेशा राज्यांनी तिला मान्यता दिली. हीच अमेरिकेच्या राज्यघटनेतली विसावी दुरुस्ती.

तिची गरज त्याच हिवाळ्यात सगळ्या देशाने अनुभवली. रूझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले होते, पण सूत्रं हाती यायला ४ मार्च उजाडावा लागला. मधल्या चार महिन्यांत महामंदी टोकाला गेली, बँकांमागून बँका बुडाल्या, राज्यांनी बँका बंद ठेवण्याचे आदेश काढले. जुनं सरकार काही करू शकत नव्हतं, नव्याला अधिकार नव्हता. आता राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी २० जानेवारीला होतो आणि संसदेची मुदत ३ जानेवारीला सुरू होते, त्यामागे नॉरिस यांची ही दहा वर्षांची चिकाटी आहे.

टेनेसीचं पाणी कुणाचं?

नॉरिस यांचं नाव आज सर्वाधिक जोडलं जातं ते टेनेसी व्हॅली अथॉरिटीशी, म्हणजे टेनेसी नदीच्या खोऱ्याचा एकत्रित विकास करणाऱ्या सरकारी संस्थेशी. ही गोष्ट सुरू होते युद्धाच्या दारूगोळ्यापासून. स्फोटकांसाठी नायट्रेट लागतं, आणि ते चिलीहून येई. समुद्रमार्ग तुटला तर काय, या काळजीने १९१६ च्या कायद्यानुसार सरकारने अलाबामातल्या मसल शोल्स इथे टेनेसी नदीवर नायट्रेटचे कारखाने आणि विल्सन धरण बांधायला घेतलं. कारखाने तयार होईतो युद्ध संपलं. धरण अर्धवट होतं. सरकारला प्रश्न पडला: आता याचं करायचं काय?

१९२१ मध्ये हेन्री फोर्ड पुढे आले. कारखान्यांसाठी ५० लाख डॉलर आणि धरणं १०० वर्षांच्या भाडेपट्ट्याने, असा त्यांचा प्रस्ताव. फोर्ड म्हणजे तेव्हा अमेरिकेतलं सर्वांत लोकप्रिय नाव. मसल शोल्सच्या आसपास जमिनीचे भाव भडकले, दलालांनी माळरानावर प्लॉट पाडून विकले. तिथले शेतकरीही फोर्ड यांच्या बाजूने होते, कारण स्वस्त खताचं आश्वासन होतं. प्रस्ताव आला सिनेटच्या कृषी समितीकडे, आणि तिचे प्रमुख होते नॉरिस. त्यांनी हिशेब मांडला: सरकारने १० कोटी डॉलरहून अधिक खर्चून उभारलेली मालमत्ता आपण पाच टक्क्यांहून कमी किमतीत आणि शतकभरासाठी देऊन टाकतोय. त्यांनी प्रस्ताव अडवून धरला. १९२४ मध्ये फोर्ड यांनी तो मागे घेतला.

लक्षात घ्या, अलाबामा हे नेब्रास्कापासून शेकडो मैल दूर. तिथे नॉरिस यांचा एकही मतदार नव्हता. तरी या प्रश्नावर त्यांनी बारा वर्षं दिली, कारण नदीतून मिळणारी वीज जनतेच्या मालकीची असावी असं त्यांचं ठाम मत होतं. तांत्रिक बाजूही त्यांनी नीट समजून घेतली होती. नदीला पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात पाणी आटतं. खाली एकच धरण बांधलं तर वीज वर्षभर सारखी मिळत नाही. वरच्या उपनद्यांवर साठवण धरणं बांधली तर पूर थांबतो, खाली जहाजं चालतात आणि वीजही कायम मिळते. म्हणून विचार अख्ख्या खोऱ्याचा करायला हवा, आणि राज्यांच्या सीमा ओलांडणारी एकच संस्था हवी.

१९२८ मध्ये त्यांचं विधेयक मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यावर सहीच केली नाही. अधिवेशन संपल्यावर सही न करता विधेयक ठेवून दिलं की ते आपोआप मरतं. याला ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात. १९३१ मध्ये पुन्हा मंजूर झालं, तेव्हा हूवर यांनी उघड नकाराधिकार वापरला. जानेवारी १९३३ मध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट नॉरिस यांना सोबत घेऊन मसल शोल्सला गेले आणि १८ मे १९३३ रोजी कायदा झाला. नव्या संस्थेचं कार्यक्षेत्र सात राज्यांत पसरलेलं होतं. तिने बांधलेलं पहिलं धरण क्लिंच नदीवरचं, १९३६ मध्ये पूर्ण झालेलं. त्याला नॉरिस यांचंच नाव आहे. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तोही त्यांच्या आणि प्रतिनिधीगृहातले सदस्य रेबर्न यांच्या पुढाकाराने. तेव्हा अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती.

या कामाची दुसरी बाजू झाकून ठेवणं योग्य होणार नाही. नॉरिस धरणाच्या जलाशयासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. पाच हजारांहून जास्त थडगी उकरून हलवावी लागली. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेल्या ‘नॉरिस’ नावाच्या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हतं. लोकांच्या मालकीची वीज म्हणताना ‘लोक’ कोण, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहिला.

टेनेसीचा हा प्रयोग भारतात आला आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा थेट वाटा आहे. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडवला. रेल्वे तुटल्याने कोलकात्याची वाट बंद झाली. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. या समितीने टेनेसीसारखं प्राधिकरण सुचवलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आंबेडकर, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्याच्या परिषदेत त्यांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्यापुढे खोऱ्याच्या एकत्रित विकासाची बाजू मांडली. टेनेसीच्या संस्थेतले अभियंते वुर्दाइन यांना बोलावून आराखडा करून घेतला गेला. ७ जुलै १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आलं. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही त्याची पहिली चार धरणं. बाबासाहेबांच्या या कामाची आपल्याकडे हवी तेवढी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी.

कामगारांसाठी केलेला कायदा थोडक्यात सांगतो. ‘मी युनियनचा सदस्य होणार नाही’ असं लिहून घेतल्याशिवाय अनेक खाणमालक नोकरी देत नसत, आणि संप झाला की कोर्टातून मनाई हुकूम आणत. पेनसिल्व्हेनियातल्या रॉसिटर इथे १९२७ मध्ये तर खाणीजवळच्या चर्चच्या जागेत संपकऱ्यांनी स्तोत्रं म्हणण्यावरही कोर्टाने बंदी घातली होती. १९३२ च्या नॉरिस–ला गार्डिया कायद्याने असे करार कोर्टात निरुपयोगी ठरवले आणि संघीय न्यायालयांच्या मनाई हुकुमांना आवर घातला.

दुसरा जॉर्ज नॉरिस

असा माणूस पक्षाला परवडत नाही. १९२६ मध्ये नॉरिस पेनसिल्व्हेनियात जाऊन आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध प्रचार करून आले, कारण त्या निवडणुकीत पैशाचा पूर वाहिला होता. १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी डेमोक्रॅट अल स्मिथ यांना पाठिंबा दिला. १९३० मध्ये त्यांचा काटा काढायचं ठरलं.

पक्षांतर्गत निवडणुकीत आणखी एक उमेदवार आला: जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस. नेब्रास्कातल्याच ब्रोकन बो गावचा किराणा दुकानदार. मतपत्रिकेवर दोन सारखी नावं आणि फरक ओळखायला काहीच नाही. नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करून मतं फोडण्याची ही युक्ती आपल्या मतदारांनाही चांगली ठाऊक आहे. सुदैवाने त्याचा अर्ज टपालातून मुदत उलटल्यावर पोहोचला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बाद केला. पुढे सिनेटच्या चौकशीत हे कारस्थान उघडकीला आलं आणि खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षाही झाली.

१९३६ मध्ये नॉरिस यांनी पक्षच सोडला आणि अपक्ष म्हणून जिंकले. १९४२ मध्ये, ८१ व्या वर्षी, केनेथ व्हेरी यांच्याकडून हरले. मॅककुकला परतले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये वारले. १९५५ मध्ये सिनेटने आजवरचे पाच थोर सिनेटर निवडायला समिती नेमली. तिचे प्रमुख होते जॉन केनेडी. तज्ज्ञांनी सर्वाधिक पसंती दिली होती नॉरिस यांना, पण नेब्रास्काच्याच तेव्हाच्या दोन सिनेटरांनी विरोध केला आणि नाव वगळलं गेलं.

एक सभागृह पुरे

त्यांचं जे काम मला सर्वांत धाडसी वाटतं, ते मुद्दाम मागे ठेवलं आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तेव्हा विधिमंडळाची दोन सभागृहं होती, आपल्या विधानसभा आणि विधान परिषदेसारखी. नॉरिस विचारत: दोन्हीकडचे सदस्य तेच मतदार निवडतात, काम तेच, मग दोन कशाला?

त्यांचा खरा आक्षेप होता तो दोन सभागृहांमधल्या फटीवर. एका सभागृहाने विधेयकाचं एक रूप मंजूर केलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर दोन्हीकडचे मोजके सदस्य एकत्र बसवून तडजोड काढतात. ही समिती बंद खोलीत बसे. तिथे कोण काय बोललं, कुणी कोणती ओळ खोडली, याची कुठे नोंद नसे. विधेयक बाहेर आलं की इतरांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं, बदल सुचवायचा नाही. शिवाय सदस्याला दोन्ही हातांनी खेळता येई: लोकांना हवं ते विधेयक आपल्या सभागृहात मंजूर करायचं, दुसऱ्या सभागृहात ते मरेल याची सोय करायची आणि गावी जाऊन सांगायचं, ‘मी तर तुमच्याच बाजूने होतो.’ जबाबदारी कुणाची हे मतदाराला कधीच कळत नाही. एकच सभागृह असलं की लपायला जागा राहत नाही.

१९३४ मध्ये त्यांनी नेब्रास्कात जनमताचा प्रस्ताव आणला. दुष्काळ आणि मंदीचे दिवस होते. बहुतेक वर्तमानपत्रं विरोधात, दोन्ही पक्षांचे पुढारी विरोधात, कारण प्रस्तावात आणखी एक कलम होतं: नव्या सभागृहाची निवडणूक पक्षाच्या नावावर लढवायची नाही. सत्तरी ओलांडलेले नॉरिस मोटार घेऊन राज्यभर गावोगावी फिरले. नोव्हेंबरच्या मतदानात त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांचा प्रश्नही होता. तिन्ही प्रस्ताव मंजूर झाले. सभागृह बंद करण्याच्या प्रस्तावाला २,८६,०८६ मतं पडली, विरोधात १,९३,१५२.

जानेवारी १९३७ मध्ये नवं विधिमंडळ भरलं. आधी दोन सभागृहांत मिळून १३३ सदस्य होते, आता ४३. लिंकनमधल्या नव्या इमारतीत दोन सभागृहांसाठी दोन दालनं बांधलेली होती, त्यांतलं पश्चिमेकडचं वापरात राहिलं. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत एकाच सभागृहाचं विधिमंडळ आजही फक्त नेब्रास्कात आहे. आता त्यात ४९ सदस्य असतात. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापला जात नाही. आणि तिथे दाखल झालेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. राज्यातला कुणीही नागरिक तिथे येऊन समितीसमोर आपलं म्हणणं मांडू शकतो.